कोऱ्या पानाचं अस्तर

पानदुरा, ११ मार्च २००६

दुवे,

माझ्या लेकी, तिन्ही रत्नांचा, बुद्ध-धम्म-संघाचा, आधार तुला असो.

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. उजवा हात आता माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणतो हा कंप वाढतच जाणार, आणि हे सांगताना तो हसतो, म्हणजे बहुतेक खरं असावं. ज्या हाताने दप्तरखान्यात छत्तीस वर्षं डचांचे कुजके कागद सांधले, तो हात भाताचा घास तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडतो. कोंबड्या मात्र खूश आहेत.

अम्माला जाऊन वर्ष झालं, त्याचं दान परवा झालं. सात भिक्खू आले होते. फणसाची भाजी चांगली झाली होती, भात जरा चिकट. शेजारच्या सोमावतीने सगळ्यांसमोर विचारलं, "थोरली आली नाही?" मी म्हटलं, "तिकडे बर्फ पडतोय, विमानं बंद आहेत." मागे बसलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. लोक फार सभ्य असतात, दुवे, विशेषतः खोटं ऐकताना.

तुझं शेवटचं पत्र माझ्या कपाटात आहे. तीन वर्षं होतील. त्यात एकच ओळ: 'तात्ता, तुम्ही खरंच तसं लिहून दिलंत का?' मी उत्तर दिलं नाही. आणि मागच्या वर्षी अम्मा गेल्याचा फोन मी तुला केला तो सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी. गडबडीत राहून गेलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. गडबड कसली? मेलेल्या माणसाच्या घरी तीन दिवस नुसतं बसायचंच असतं. तू आली असतीस, शवपेटीच्या त्या बाजूला उभी राहून माझ्याकडे बघितलं असतंस, आणि ते मला झेपलं नसतं. म्हणून मी तुझी अम्मा तुला शेवटची बघू दिली नाही.

बघ, पहिल्याच पत्रात एक कबुली झाली. लहान आहे ती. मोठी पुढे आहे.

अम्मा शुद्धीत होती तोवर रोज म्हणायची, "पोरीला लिहा. आरशाचं लिहा." मी रोज हो म्हणायचो. तिचा तो लाल मुठीचा आरसा खिडकीत ठेवलाय. त्याचं आज लिहिणार नाही. हात दुखतोय.

तुझा तात्ता


पानदुरा, २ एप्रिल २००६

दुवे,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. उघडलंस का, ते माहीत नाही.

नवं वर्ष दहा दिवसांवर आलं. जुन्या वर्षातलं काम नव्यात नेऊ नये म्हणतात, तेव्हा आज मन घट्ट करून लिहितो.

आपली धाकटी, चूटी, गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, तू नऊ. चार दिवसांचा ताप. ऑगस्ट होता, शाळा बंद, आणि अम्मा भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. तुला घरी कुणाजवळ ठेवणार? म्हणून दप्तरखान्यात नेलं. तेव्हाच्या साहेब मिस यान्सनी चष्म्यावरून बघितलं. "मेंडिस, हे सरकारी दप्तर आहे, बालवाडी नव्हे." आणि मग स्वतःच्या खोलीतलं उंच स्टूल ओढत आणून माझ्या टेबलाशी लावलं. बाई तोंडाने विंचू होती, बाकी लोणी.

टेबलावर तेव्हा 'पहाटतारा' जहाजाची रोजनिशी होती, नागपट्टणहून गॉलला आलेल्या सफरीची, सन १७४३. तू विचारायचीस, "तात्ता, काय लिहिलंय?" मला डच कामापुरतंच यायचं, तेही मिस यान्सच्या कृपेने. वारा, पाणी, शीड, आजारी, मेला. दुरुस्ती करणाऱ्याला एवढं पुरतं. मी वाचायचो: वारा नैऋत्येचा, पाण्याची पिंपं बारा. तुला जांभया यायच्या. मग ती यादी आली. डच कंपनीच्या मालात, तांदळाच्या पोत्यांखाली लिहिलेलं: एक मुलगी, वय आठ, नाव फ्लोरा. तिचं खरं नाव कुणी विचारलंही नसणार. आणि त्याच्या दोन दिवसांनी: फ्लोराला ताप.

त्यानंतर तुला वाऱ्याशी आणि पिंपांशी काही देणंघेणं उरलं नाही. सकाळी स्टुलावर चढलीस की पहिला प्रश्न, "आज फ्लोराला कसंय?" मी पान उलटायचो. ताप आहे. ताप आहे. आज दोन चमचे पेज घेतली. त्या दोन चमच्यांची बातमी तू घरी जाऊन अम्माला सांगितलीस. आणि दुवे, बावीस दिवसांत पहिल्यांदा ती भिंतीकडून वळली आणि म्हणाली, "मग?"

तो 'मग' तुला आठवतो का? मला आठवतो.

दुसऱ्या दिवशी चौदा तारखेचं पान आलं. 'मुलगी फ्लोरा', एवढं होतं, आणि पुढे रुपयाएवढं भोक. जुनी शाई अशीच असते, आपण लिहिलेलंच खाते. तू विचारलंस, "पुढचं कुणी खाल्लं?" मी म्हटलं, "शाईनेच." तू माझ्याकडे बघितलंस. "तुम्ही दुरुस्ती करता ना? मग करा की."

मी केली. भोक भरलं, ते माझं कामच होतं. मग हिरडा आणि हिराकस उकळून शाई केली, पिसाची लेखणी तासली, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर, सगळे गेल्यावर, त्या कारकुनाच्या वळणात लिहिलं: 'सकाळी गॉलला उतरवली, बरी आहे.' सोमवारी तुला दाखवलं. "खालचा पापुद्रा दुमडला होता, तो सरळ केला." तू स्टुलावरून उडी मारलीस. संध्याकाळी अम्मा उठली आणि तिने सणाला करतात तसा नारळाचा दूधभात शिजवला. नारळ तिने स्वतः खवला. तो दूधभात मी खाल्ला, दुवे. तीनदा मागून घेऊन खाल्ला.

मूळ काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी फक्त रिकाम्या जागी चांगलं लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो.

पुढे मी तीसेक मुलांना हे काम शिकवलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच धडा: भोक भरायचं, अक्षर भरायचं नाही. ते वहीत लिहून घ्यायचे.

तुझा तात्ता


पानदुरा, १३ मे २००६

दुवे,

आज वेसाक, बुद्धाची पौर्णिमा. गल्लीभर कंदील लागलेत. आपल्या दारात यंदाही नाही. सोमावतीने एक आणून टांगला, मी नको म्हटलं तरी. "मेंडिस महत्तया, अंधाराचा कसला हट्ट?" म्हणाली. तिला काय सांगू?

आता त्या कागदाबद्दल लिहितो, ज्याबद्दल तू विचारलं होतंस.

तू डच शिकलीस, हॉलंडला गेलीस, फ्लोराच्या मागे लागलीस. उतरलेली फ्लोरा गॉलमध्ये कुठे गेली असेल, कुणाच्या घरी वाढली असेल, याचा शोध घेत तू दहा वर्षं घालवलीस आणि पुस्तक लिहिलंस. पहिल्या पानावर माझं नाव छापलंस: 'ज्यांनी मला फ्लोरा वाचून दाखवली त्या तात्तांना.' टपाल आलं तेव्हा अम्माने ते देव्हाऱ्यात ठेवलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

मग तिकडेच कुणाला त्या रोजनिशीची दुसरी प्रत सापडली, जी कंपनी मायदेशी पाठवायची. तीत फ्लोरा मेलेली. इथल्या पानावरची शाई तपासली, ती नवी निघाली. तुमच्या विद्यापीठाने दप्तरखान्याला विचारलं, दप्तरखान्याने मला. निवृत्त मुख्य दुरुस्तीकार, श्री. विल्फ्रेड मेंडिस.

मी लिहून दिलं: 'माझ्या काळात त्या पानाला भोक होतं. मी ते कोऱ्या कागदाने भरलं.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे, गंमत बघ. इथे थांबलो असतो तरी तू कशीबशी वाचली असतीस. पण मी आणखी एक ओळ लिहिली, कुणी न विचारता: 'सन १९९८ मध्ये माझी मुलगी हा खंड घेऊन तीन दिवस वाचनखोलीत एकटी बसली होती.'

तुझी नोकरी त्या ओळीने गेली.

का लिहिली, याचं उत्तर मी तीन वर्षं शोधतोय. दुरुस्तीच्या खोलीत माझा फोटो लागणार होता, खिळासुद्धा ठोकून झाला होता. तीस मुलं काय म्हणतील, ही एक भीती. आणि वाटलं, ती शिकलेली आहे, परदेशात आहे, बोलून सुटेल. मी म्हातारा, मला कोण सोडवणार? बाप मुलीबद्दल असा विचार करू शकतो हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. फोटो लागला. त्यात मी हसतोय.

अम्माने तो कागद टपालात टाकायच्या आधी वाचला होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही एक पोर बुडवलेली जिवंत केलीत, आणि जिवंत होती ती बुडवलीत." त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका घरात मीठमिरचीपुरतं बोललो, वर फक्त तिचं ते 'पोरीला लिहा'.

तुझा तात्ता


पानदुरा, १९ जून २००६

दुवे,

मी दप्तरखान्यात जाऊन आलो. पांढरा सदरा घातला होता.

आता तिथे मिसेस अबेनायक साहेब आहेत, तुझ्याच वयाच्या. तिलकसिरी मुख्य दुरुस्तीकार झालाय, केस पिकलेत त्याचे. मी दोघांसमोर सगळं सांगितलं, शाई कशी उकळली तेही. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"अंकल, मीही दोन मुलींची आई आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुमच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. सगळं माझ्यावर घेतलं असतं."

मी म्हटलं, "मी वर घेत नाहीये. केलंय ते सांगतोय."

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही सहीनिशी उलटं लिहून दिलंय. त्या वेळी तुम्ही आजारी नव्हता, बाईसाहेब हयात होत्या. मी कुठलं खरं मानू?"

दुवे, खोटं बोललो तेव्हा एका झटक्यात पटलं. खरं बोलायला गेलो तर बापाची माया ठरली.

मी म्हटलं, "कागद द्या. लेखणी द्या. त्याच वळणात लिहून दाखवतो." तिलकसिरीने पीस तासून दिलं, शाई दिली. मी मनगट टेबलाला टेकवलं, डाव्या हाताने उजवा धरला. पहिलं अक्षर काढायला गेलो आणि कागदावर कोंबडी नाचून गेल्यासारखं झालं. दुसरा कागद. तिसरा. तिलकसिरी खिडकीबाहेर बघायला लागला. माझा सर्वात चांगला विद्यार्थी तो. शेवटी त्याने हळूच माझ्या हातातून पीस काढून घेतलं. "राहू द्या, महत्तया. चहा सांगू?"

चहा प्यालो. बशीत जास्त सांडला.

निघताना माझ्या फोटोखालून गेलो. एक वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर तिथल्या तिथे पटलं असतं. ते जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. का गिळलं, ते तुला पुढच्या पत्रात लिहितो, आरशासकट. अम्मा जिंकली म्हण.

तुझा तात्ता


पानदुरा, ८ जुलै २००६

दुवे,

मूळ काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, असं मी एप्रिलमध्ये लिहिलं. ते खोटं होतं. मला ठाऊक होतं.

तुला हे काम माहीत आहे, तरी लिहितो. बंद वहीत दोनशे वर्षं पानाला पान टेकून राहिलं की शाईची सावली समोरच्या पानावर पडते, उलटी. चौदा तारखेच्या समोरचं पान कोरं होतं. त्यावर फिकट तपकिरी सावली होती, भोकातल्या शब्दांची. त्या शनिवारी मी अम्माचा आरसा पिशवीत घालून नेला होता. लेखणी उचलायच्या आधी मी आरसा धरला आणि वाचलं: 'पहाटे मेली, समुद्रात सोडली.'

वाचलं, आणि तरीही लिहिलं. रिकाम्या जागी चांगलं लिहिलं नाही मी. मेलेल्या मुलीवर जिवंत लिहिलं. मग सावली कुणाला दिसू नये म्हणून त्या कोऱ्या पानाला जाड कागदाचं अस्तर चढवलं. कोऱ्या पानाला अस्तर का, असं कुणी विचारत नाही. अशक्त पान, एवढंच नोंदवहीत लिहिलं.

एकाच माणसाने विचारलं. सोमवारी आरसा घरी परत आणला, तेव्हा अम्मा म्हणाली, "माझा आरसा ऑफिसात कशाला?" तिला मी सांगितलं. दूधभात शिजवायच्या आधी सांगितलं होतं, दुवे. तिने ऐकलं, डोळे पुसले, आणि नारळ खवायला घेतला. "पोरीला कळू देऊ नका," म्हणाली. दरवर्षी चूटीच्या दानाला, गेलेल्यांना पुण्य पोचावं म्हणून ती पेल्यात पाणी ओतायची तेव्हा दुसरं एक नाव मनात घ्यायची. मला तिचे ओठ दिसायचे.

आता ते गिळलेलं वाक्य. आपल्या कामात रीत आहे, अस्तराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने सही आणि तारीख टाकायची. चिकटवल्यावर ती कुणाला दिसत नाही. पुढे कधी शंभर वर्षांनी कुणी अस्तर काढेल, त्याला कळावं कुणाचा हात होता. मी त्या दिवशी सहीच्या वर आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. मी मेल्यावर कुणीतरी वाचेल, असं वाटलं होतं. हे मला २००३ मध्येही आठवत होतं. रोज आठवत होतं. 'अस्तर काढून बघा' एवढं म्हटलं असतं तर तू वाचली असतीस. पण मग मी आरशात वाचून लिहिलं, हेही उघडं पडलं असतं, आणि ते तू वाचलं असतंस. जगाला फसवलं म्हणून तू मला माफ केलं असतंस कदाचित. नऊ वर्षांच्या तुला फसवलं, याची मला भीती होती.

बुधवारी परत गेलो. अबेनायक साहेबांना म्हटलं, "कोऱ्या पानाचं अस्तर काढा." त्यांनी तिलकसिरीकडे बघितलं. त्याने ओल्या टिपकागदाखाली पान ठेवलं आणि दीड तास आम्ही तिघं वाट बघत बसलो. खळ माझ्या हातची होती, मोरचूद घालून केलेली, सहज सुटेना. तिलकसिरी पुटपुटला, "काय चिकटवलंय, महत्तया." मग कोपरा उठला. त्याने अस्तर उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं, कारण माझे डोळे भरले होते:

'फ्लोरा चौदा तारखेला मेली. सावली खाली आहे. समोरची अक्षरं माझी, माझ्या मुलीसाठी. वि. मेंडिस, २५ ऑगस्ट १९७३.'

अबेनायक साहेब उठून उभ्या राहिल्या. त्याच दिवशी तुमच्या विद्यापीठाला पत्र गेलं, अस्तराच्या फोटोसह. माझा फोटो मी तिलकसिरीला उतरवायला सांगितला. तो म्हणाला, "खिळा निघत नाहीये." खोटं बोलत होता.

आता मला काही लपवायला उरलं नाही. तुझा तात्ता म्हणून सही करायचा हक्कही बहुधा उरला नाही. 

विल्फ्रेड मेंडिस


पानदुरा, ६ ऑगस्ट २००६

दुवे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनला मी हाताने चहा करून दिला. वाचायला दुपार लागली, तीन वेळा वाचलं.

तू लिहितेस, विद्यापीठाने दिलगिरी कळवली, पण तू परत जाणार नाहीस. शाळेत शिकवतेस तेच बरं आहे. ठीक. मग तू लिहितेस की विद्यापीठाचं तुझ्याबाबत अगदीच चुकलं नव्हतं. ते वाक्य मला समजेना. पुढचं वाचलं आणि समजलं.

'तात्ता, १९९८ मध्ये पान उघडल्या उघडल्या मला कळलं. बाकी पानांवर शाई गंजून तपकिरी झालेली, तेवढे पाच शब्द अजून काळे. आणि लहानपणीचं आठवलं, त्या सोमवारी तुमच्या बोटाला काळं लागलं होतं. मी एकटी तीन दिवस बसले होते, हे तुम्ही खरंच लिहिलंत. पण त्या तीन दिवसांत मी एक ओळही वाचली नाही. तुमचं नाव सांगायचं की नाही, ते ठरवत होते.'

तीन दिवस. दुवे, मी तेच तीन दिवस तुझ्याविरुद्ध लिहून दिले.

तू लिहितेस, तुलाही फ्लोराला मारणं जमलं नाही. चौकशीतही तू माझं नाव घेतलं नाहीस, मी स्वतः घेईन अशी वाट बघत राहिलीस. समोर माझा कागद ठेवला गेला, तेव्हा वाट बघायची थांबलीस. आणि शेवटी, 'मी येणार नाही. अम्माची चिता मला बघता आली नाही, ते मी विसरू शकत नाही. पण यंदा चूटीच्या दानाला दुसरं नाव मनात नको, मोठ्याने घ्या.'

काल दान झालं. भिक्खू बसले, पठण सुरू झालं, सोमावतीने झारी माझ्या हातात दिली. पेला ताटात ठेवलेला. हात असा हलत होता की पाणी पेल्यात कमी, चटईवर जास्त. तिलकसिरी आला होता. तो मागून पुढे सरकला आणि त्याने माझं मनगट धरलं. मग धार नीट पडली. मी नावं घेतली. अम्मा. चूटी. फ्लोरा.

पेला भरून वाहायला लागला. पठण संपल्यावर थोरल्या भिक्खूंनी विचारलं, "उपासक, ही फ्लोरा कोण? तुमच्यातलीच का?"

"हो, भंते. माझ्या थोरल्या मुलीने सांभाळलेली."

"आणि थोरली कुठे असते? दरवर्षी ऐकतो, कधी दिसत नाही."

सोमावती माझ्या मदतीला धावली. "तिकडे बर्फ फार असतो, भंते."

"बर्फ नाही," मी म्हटलं. "मी तिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली. म्हणून ती येत नाही."

मागे घर भरून माणसं बसली होती. या वेळी कुणीच मान डोलावली नाही.

तात्ता